रातांधळा

शांतवनमामा फाटकाबाहेर सायकल धरून उभे असायचे,
सात वाजता, पाळी सुटली की.
"इमू, मला संध्याकाळचं दिसत नाही बे,
डायनामो पण गेलाय. तेवढं घरापर्यंत सोड."
मी सोडायचो.
नाही कसं म्हणणार, चर्चमधला म्हातारा माणूस,
माझ्या लग्नात पेटी वाजवलेला.

अक्कलकोट रोड सोडून कन्ना चौकाकडे निघालं
की डाव्या हाताला ते दुकान. पत्र्याचं, हिरव्या दाराचं.
तिथं माझी उधारी होती, माझा ठरलेला ग्लास होता,
चकण्याला शेंगाचटणी, आणि चार जण,
ज्यांची आडनावं मला आजही माहीत नाहीत.
मामा नेमके तिथंच अडखळायचे.
"हात धर रे, खड्डा आहे का?"
खड्डा नसायचा.
एका हातात मामा, एका हातात सायकल,
ग्लास धरायला तिसरा हात कुठून आणू?

सुवार्तानं तोवर माझ्याशी बोलणं सोडलं होतं.
पगाराला ती फाटकावर यायची,
पैसे घ्यायची, मोजायची, जायची.
आल्हाद माझी पावलं ऐकली की
पलंगाखाली शिरायचा
आणि तिथंच पाढे म्हणायचा, हळू.
हे आता सांगतो, कारण मंडळीपुढं साक्ष देताना
मी लिव्हर सांगितलं, कर्ज सांगितलं,
मशीनमध्ये गेलेलं बोट वर करून दाखवलं.
पाढे गाळले.

एप्रिलात मामा तापानं पडले.
बाहेर त्रेचाळीस, लूमच्या शेडमध्ये त्याहून जास्त,
घामाला टॉवेलचा कापूस चिकटलेला.
फाटकाबाहेर कुणी नव्हतं.
मी सरळ चालत गेलो. कुणी ढकललं नाही.
हिरवं दार माझी वाट बघत होतं असंही नाही,
दाराला काय पडलंय.
मीच त्याची वाट बघत होतो, एकशे बारा दिवस.

रविवारी आत गेलो नाही.
चर्चमागच्या नळापाशी बसलो.
आत गायन चाललेलं, पेटीविना,
सूर जरा खालीच लागलेला.
पाळकसाहेब येतील, वचन काढतील,
मी मान हलवीन, असं धरून होतो.

आल्या हिवाळेबाई. सिव्हिलमधनं रिटायर झालेल्या सिस्टर.
हातात पातेलं, त्यात काळी द्राक्षं.
"संध्याकाळी प्रभुभोजन आहे. देठ काढ."
बाई, मी परवा प्यालो.
"वास येतोय मला. देठ काढ."

काढले. धुतली. स्टोव्हवर चढवली.
फडक्यातून गाळताना म्हणाल्या,
"लगेच उकळलं की आंबत नाही.
ठेवून दिलं की आंबतं."
आणि स्टोव्हची पिन शोधायला लागल्या.

संध्याकाळी काचेच्या इवल्या पेल्यांचा ट्रे
बाकाबाकावरून सरकत आला.
रस मी गाळलेला, रंग मला ठाऊक,
तरी बोटं थरथरली.
घेतला नाही. ट्रे पुढं दिला.
शेजारच्या बोर्डेनं विचारलं नाही काही,
फक्त ट्रे धरताना
आपला हात माझ्या हाताखाली ठेवला.

मंगळवारी मामांकडं गेलो, न सांगता.
लाईट गेलेली. सगळी गल्ली काळी.
मामा उंबऱ्यावर बसून
पेटीच्या भात्याला ठिगळ लावत होते.
वीस पावलांवरून म्हणाले,
"इमू, चप्पल तुटली का बे तुझी? अंगठा निघालाय."

मग एकदम गप्प झाले.
सुई हातात. सुईत दोरा, ओवलेला.
मी पण गप्प.
कुठंतरी उशिरापर्यंत चाललेला जनरेटर
आणि त्याच्या मागं लूमची खटखट.

बऱ्याच वेळानं त्यांनी घसा खाकरला.
"गुरुवारपासून येतो फाटकावर.
दिसत नाही मला."

मी शेजारी बसलो. भाता दोन्ही हातांनी ताणून धरला,
टाका नीट बसावा म्हणून.
म्हटलं, या मामा.
मला पण दिसत नाही.